चारची बोट

“चारला बोट, घाला कोट!” चिमणी खुर्चीवर उभी राहून ओरडली आणि आजोबा लगेच कोट घालायला उठले.

सुनेने कपाळावर हात मारला. गाणं तिचंच होतं. सासऱ्यांच्या डोक्यात हल्ली काही टिकत नसे, आणि जन्मात एकदा बोटीतून समुद्र बघायचा हा त्यांचा हट्ट काही सुटत नव्हता. ऐनवेळी ते बिथरू नयेत म्हणून तिने आठवडाभर आजोबा आणि नात दोघांकडून ते घोटून घेतलं होतं. जरा जास्तच घोटलं गेलं. कारण मोठ्या बॅगा बोटीवर रवाना झाल्या आणि बंदरावरच्या हॉलमधल्या फलकावर चारचे सात झाले.

“बाबा, बसा ना. बोट उशिरा सुटणार आहे,” मुलगा म्हणाला. “तिकडे लिहिलंय बघा.”

“लिहिणाऱ्याचं काय जातंय? मला सूनबाईने सांगितलंय, चार.” त्यांनी वरचं बटण लावलं. “तुम्ही बसा गप्पा मारत. मी चाललो.”

दारावरच्या बाईने एकदा हसून त्यांना परत आणून बसवलं, दुसऱ्यांदाही आणलं. तिसऱ्यांदा मात्र ती हसली नाही. “यांना बरं नाहीये का? असे गोंधळलेले असले तर मला चढवता येणार नाही. डॉक्टरांना बोलवावं लागेल.”

“चल, घरी जाऊ या,” मुलगा बायकोच्या कानाशी पुटपुटला. “बॅगांचं बघू नंतर.”

ती सासऱ्यांकडे बघत राहिली. ते खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते, नजर मनगटावरच्या घड्याळावर. साडेतीन झाले होते. अजून थोड्या वेळाने या माणसाला वाटणार होतं, की बोट आपल्याला टाकून निघून गेली.

“बाबा, घड्याळ द्या जरा. काच पुसून देते.”

त्यांनी मुकाट्याने काढून दिलं. मुलाने मागितलं असतं तर दहा प्रश्न विचारले असते. ती पाठमोरी झाली आणि रुमालाआड किल्ली उलटी फिरवू लागली. काटे मागे सरकत होते आणि तिचं मन तिला खात होतं. ज्याने फलकापेक्षा आपल्या शब्दावर भरवसा ठेवला, त्यालाच आपण फसवतोय.

“आई, तू आजोबांच्या घड्याळाचं काय—”

तिने चिमणीच्या तोंडात बिस्कीट कोंबलं.

सासऱ्यांनी घड्याळ मनगटाला बांधलं, डोळ्यांजवळ नेलं. “साडेबारा? मग आपण जेवलो कधी?”

“आज... लवकर जेवलो, बाबा.”

त्यांनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग कोट काढला, घडी घालून मांडीवर ठेवला आणि त्या घडीवर नातीला बसवून घेतलं. “ये गं. बराच वेळ आहे म्हणते तुझी आई.”

त्यानंतर ते दाराकडे फिरकले नाहीत. त्यांच्या रांगेला बोलावणं आलं तेव्हा दारावरच्या बाईला त्यांनी मान लववून नमस्कार केला. तीही हसली.

बोटीचा भोंगा वाजला तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. वरच्या डेकवर सगळे कठड्याशी उभे होते. खाली पाणी काळंभोर झालेलं.

सासऱ्यांनी मनगट दिव्याकडे धरून पाहिलं. “चार. बरोबर वेळेवर सुटली.”

मुलाने काही बोलायला तोंड उघडलं. बायकोने त्याचा हात दाबला.

किनाऱ्यावरचे दिवे लहान लहान होत गेले. मग सासरे कठडा धरत धरत सुनेपाशी आले, घड्याळ काढलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं.

“आता आण जागेवर,” ते मुलाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले. “चिमणीची झोपायची वेळ चुकायला नको.”