लिंबाचा वास

"तळाला वास येता कामा नये, सूनबाई. माणसं नाकाला रुमाल लावून बसतात. लाज वाटते."

सासऱ्यांनी हे एकदाच सांगितलं होतं, तिने ते रोज पाळलं. सकाळी धक्क्यावर जाऊन बोटीच्या फळ्या उचलायच्या. खाली साचलेलं पाणी कापलेल्या डब्याने उपसायचं, उरलेलं स्पंजने टिपायचं. तेलाचा तवंग जुन्या फडक्याने पुसायचा आणि ते फडकं बोटीत राहू द्यायचं नाही. तळ सुकेपर्यंत फळ्या उघड्या ठेवायच्या. एवढं करूनही कुबट वास उरायचाच. मग तिने पिवळी बाटली आणली. रोज टोपणभर तळात ओतायची, लिंबाच्या वासाचं फिनेल.

सासऱ्यांचा दुसरा नियम त्याहून जुना होता. तळात नाक घातल्याशिवाय चावी फिरवायची नाही. कुठे पेट्रोल झिरपत असेल तर त्याची वाफ तळात बसून राहते. डोळ्यांना दिसत नाही, नाकालाच कळते.

पाच महिन्यांपूर्वी तिच्या नवऱ्याने चावी फिरवली आणि बोटीचा मागचा भाग उडाला. बोटीत तो एकटाच होता. दवाखान्यात त्याने नऊ दिवस काढले.

आज बोट दुरुस्त होऊन पुन्हा पाण्यात होती. पलीकडच्या काठाला जायला चार माणसं धक्क्यावर उभी होती. सासरे पायरीवर बसले होते, काठी गुडघ्यांत धरून. शेजारच्या मास्तरांना सांगत होते.

"आळस नडला हो त्याला. वास घेतला नाही. लहानपणापासून घोकवून घेतलं होतं, तरी नाही घेतला. आपल्या हाताने गेला."

हे ते सगळ्यांना सांगत. दुकानदाराला सांगत, नर्सला सांगितलं होतं, एकदा तर नुसता पत्ता विचारायला थांबलेल्या माणसालाही. ती दर वेळी खाली बघत उभी राहायची.

नवव्या दिवशी नवऱ्याने तिच्याकडून दोन गोष्टी कबूल करून घेतल्या होत्या. ओठ धड हलत नव्हते. "बाबांना बाटलीचं सांगू नकोस. त्यांना सोसायचं नाही." मग बऱ्याच वेळाने, "धाकटा बोट काढेल तेव्हा तळ आधी तू बघ." दोन्हींना तिने मान डोलावली होती.

ती आज लवकरच आली होती, पण धाकटा दीर तिच्याही आधी बोटीत हजर.

"वहिनी, आज तुम्हाला सुट्टी. तळ मी चकाचक केलाय." त्याने फळी उचलून दाखवली. "ती तुमची बाटली होती ना मोरीत, अर्धी ओतली. बोट कसली, नवरी वाटतेय! अत्तर लावून निघालेली."

वास पायरीपर्यंत आला. तोच.

"आधी वास घे रे," सासरे वरून ओरडले. "भावासारखं करू नकोस."

"घेतो की." दीर वाकला, नाक तळाशी नेलं आणि हसत वर आला. "लिंबू, बाबा! नुसतं लिंबू."

त्याचा हात चावीकडे गेला.

"थांबा, भावजी."

तिचा आवाज कधी चढत नसे. आताही चढला नाही. पण दीर थांबला.

"त्यांनी वास घेतला होता, बाबा," ती म्हणाली. "मी इथेच होते, या पायरीवर. वाकले, नाक लावलं. आणि म्हणाले, काय गं, तळात लिंबं पिळलीस की काय? हसले. मग चावी फिरवली."

भाजल्यासारखा दिराने हात मागे घेतला.

"बाटली कोण ओतायचं?" सासऱ्यांनी विचारलं.

"मी."

"कशाला?"

तिने नजर बोटीच्या तळाकडे वळवली. सासरे तिच्याकडे बघत राहिले, मग हळूहळू त्यांची नजर तिच्यावरून ढळली. काठी गुडघ्यांतून सुटली आणि पायऱ्यांवर आपटत खाली गेली. ती कुणी उचलली नाही. मास्तरांनी घड्याळ बघायला मनगट वर केलं होतं, ते खाली घेतलं.

"पाच महिने," सासरे म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता. "पाच महिने मी गावभर त्याला... तू बोलली का नाहीस?"

"त्यांनी सांगितलं होतं. तुम्हाला सोसायचं नाही म्हणून."



नवऱ्याला दिलेला एक शब्द तिने मोडला होता. तिने नळावर बादली भरली. कापलेला डबा घेतला, स्पंज घेतला आणि बोटीत उतरली. दिरापुढे तळहात धरला. त्याने मुकाट्याने चावी त्यावर ठेवली. चावी तिने कमरेला खोचली आणि एकेक करत सगळ्या फळ्या उचलून बाजूला ठेवल्या.

"वहिनी, माणसं खोळंबलीत," दीर हळूच म्हणाला.

"खोळंबू देत."

ती गुडघ्यांवर बसली. साध्या पाण्याने तळ धुतला, डब्याने उपसला, स्पंजने टिपला. स्पंज पिळून नाकाशी धरला.

लिंबू.

तिने तो पुन्हा बादलीत बुडवला.