पुलाच्या अलीकडे

"आई तेवढे चार दिवस मावशींकडे राहतील," सून म्हणाली आणि एकदाची मोकळी झाली. खरं तर हे नवऱ्याने सांगायचं ठरलं होतं. पण तो चहाच्या कपात तोंड घालून बसला होता, आणि कप रिकामा होऊन दहा मिनिटं झाली होती.

टेबलावर लॅपटॉप उघडा होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या जुन्या तटबंदीच्या शहरात जायचं, गड चढायचा, राजवाडा बघायचा आणि मनसोक्त खायचं, असा बेत होता. सुनेने तीन आठवडे खपून तासातासाचा कार्यक्रम आखला होता. कुठे रांग असते, कुठे सावली मिळते, कुठल्या खाणावळीत खिडकीजवळचं टेबल मागायचं, सगळं लिहून ठेवलं होतं. त्यात सासूबाईंचे गुडघे तेवढे कुठे बसत नव्हते.

सासूबाई समोरच बसल्या होत्या. शहराचं नाव कानावर पडल्यापासून त्यांचं कशात लक्ष नव्हतं. सहलीला जाणाऱ्यांची नावं वाचली जाताना शाळेतली पोरं बसतात, तशा त्या ताठ बसून होत्या. त्यांना यायचं होतं, अगदी मनापासून यायचं होतं, आणि ते सुनेला लख्ख दिसत होतं. तिला वाईटही वाटत होतं. पण वाईट वाटून गुडघे थोडेच बरे होतात?

"गडाला तीनशे पायऱ्या आहेत हो, आई. त्यात तिथलं ऊन. तुम्हाला नाही झेपायचं."

"तीनशे बारा," सासूबाई म्हणाल्या. "पण त्या पुढच्या बाजूने. मागे कुंभारांची गल्ली आहे, तिथून गाढवांवर पाणी न्यायचे. नुसता चढ, एकही पायरी नाही. निळ्या दारापाशी तेवढं जपून जायचं, तिथे कुत्रं आहे. म्हणजे असायचं."

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. "आई तिथल्या का रे?"

"लग्नाआधीचं मला काय माहीत? मी तेव्हा कुठे होतो?"

सुनेने नकाशा मोठा केला, आणखी मोठा केला. गडाच्या पाठीमागे खरंच केसाएवढी एक गल्ली वर जात होती. तिला जरा झोंबलं. तीन आठवड्यांत ही गल्ली तिच्या नजरेला पडली नव्हती.

"बरं, शेवटच्या दिवशी मासळी," ती घाईने पुढे सरकली. "नावाड्याची खाणावळ. नदीकाठचं टेबल सांगून ठेवलंय."

"पुलाच्या पलीकडची?"

"हो. का?"

"ती धाकट्याची गं. मूळची थोरल्याची, पुलाच्या अलीकडे. भावाभावांचं फाटलं, पण नाव कुणी सोडायला तयार नाही. एकाच्या नावाने काही आलं की ते दुसऱ्याकडे जायचं आणि महिनामहिना भांडणं चालायची. मासळी खायची तर अलीकडे खा."

आता मात्र सुनेचा पारा चढला. तिने तिथल्या तिथे खाणावळीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. तुमचीच खाणावळ मूळची ना, असं सरळ विचारलं.

फोनवर धाकट्याचा मुलगा होता. त्याने आवाज खाली आणला. "अलीकडे आमच्या काकांची आहे. खरं सांगू का ताई, मासळी त्यांच्याकडेच खा. मी सांगितलं म्हणू नका फक्त." आणि फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "घरात आमच्या गावचं कुणीतरी जुनं माणूस आहे वाटतं तुमच्या."

नवरा खो खो हसत सुटला. सुनेने त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं, मग तिलाही हसू आवरेना. तिने लॅपटॉप उचलला आणि सासूबाईंच्या पुढ्यात ठेवला.

"घ्या. तुम्हीच सांगा."

पुढचा तासभर तिच्या कार्यक्रमाची धूळधाण उडाली. घंटाघराकडे सकाळी नाही, चारनंतर जायचं, तेव्हा सगळी गल्ली सावलीत असते. राजवाड्याला उत्तरेचं दार आहे, तिथे रांग नसते. मुक्कामाला ठरवलेल्या पांथशाळेत वरची खोली अजिबात घ्यायची नाही, जिना इतका अरुंद की मोठं पार्सल खालीच ठेवावं लागतं. सासूबाई न थांबता सांगत होत्या, गाल लाल झाले होते, आणि गुडघ्यांचा विषय कुणी काढला नाही. नवऱ्याने न सांगता चौथ्या दिवसाऐवजी पाचव्या दिवसाचं परतीचं आरक्षण केलं, तिघांचं. मावशींना त्याने स्वतः फोन करून कळवलं, तेही आवाज चढवून, जिंकून आल्यासारखं.

सुनेला आता कधी एकदा निघतो असं झालं होतं. असा वाटाड्या कुणाला मिळतो!

"आई, एवढं सगळं लक्षात कसं राहिलं? किती वर्षं होतात तुम्ही तिथे?"

"राहायची कुठली गं!" सासूबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "पोस्टात अठ्ठावीस वर्षं माझ्याकडे त्या शहराचं टेबल होतं, अर्धवट पत्त्यांचं. पाकिटावर लिहिलेलं असायचं काय, तर 'विहिरीजवळ, उंच मास्तरांना मिळावे'. तिथल्या पोस्टमनांना चिठ्ठ्या लिहून लिहून मी घर हुडकून काढायचे, आणि ते उत्तरात कुत्र्यापासून सावलीपर्यंत सगळं कळवायचे. एकही पाकीट परत जाऊ दिलं नाही."

चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवून त्यांनी नकाशाकडे एकदा डोळे भरून पाहिलं.

"पाऊल मात्र आता पहिल्यांदाच टाकणार."