परवाना

गोदा काजूच्या कारखान्यात कामाला गेली होती, तेव्हा घरी एकटा राहिलेला तिचा मुलगा अंगणातल्या विहिरीत बुडाला. दुसऱ्या कुणावर ही वेळ येऊ नये म्हणून तिनं चौऱ्याऐंशी साली भाट्ये गावातल्या आपल्या घरीच पाळणाघर काढायचं ठरवलं. परवान्यासाठी कचेरीचे उंबरठे झिजवले. तपासणीला आलेल्या बाईंनी विहिरीचा नवा चिरेबंदी कठडा पाहून सही केली. पहिल्या दिवशी गोदानं पेज शिजवली, झोळ्या बांधल्या. एकही मूल आलं नाही. बायका पोरं कडेवर घेऊन कारखान्याकडे चालल्या होत्या. शेवटी तिनं शेजारच्या मासूमाला अडवलं. "ताप आहे गो लेकराला. काजू भाजायच्या धुरात कशाला नेतेस? ठेव माझ्याकडे." मासूमानं मान खाली घातली. "रागवू नको, वयनी. या अंगणात पोर सोडून पाय निघत नाय." गोदानं बाळाचं टोपरं नीट बांधलं. "जा तू. माझाही निघाला नसता."