कुंदाचे घुंगरू

चहा दिला नाही, तरी दिग्दर्शक बसूनच राहिला. नाट्यगृहातल्या येत्या समकालीन नृत्यमहोत्सवाचं पोस्टर त्याने टेबलावर पसरलं. त्यावर माझ्या बायकोचा फोटो होता.

“पहिला प्रयोग कुंदाताईंना अर्पण करतोय, काका. त्यांचे घुंगरू रंगमंचावर ठेवायचेत.”

“असल्या नाचात घुंगरू जुनाट वाटतात, म्हणाला होतात ना? ती सोडेना म्हणून गेल्या वर्षी तिला काढून टाकलंत.”

“झालं गेलं जाऊ द्या ना आता.”

मी फडताळातून फडक्याची पुरचुंडी आणून पोस्टरवर सोडली. काळे पडलेले घुंगरू बघून तो दचकला.

“पायांत बांधूनच चितेवर ठेवलं तिला. अस्थी सावडताना राखेत सापडले. हलवून बघा. आता वाजत नाहीत. तुम्हाला हवं होतं तसंच.”