फुली दाबल्यावर

"बटण छान जोडलंस," काळ्या पडद्यावर हेरंबची अक्षरं उमटली. "आता एकच ओळ राहिली. फुली दाबून खिडकी बंद केली की प्रोग्रॅमही थांबला पाहिजे."

हेरंबला जाऊन वर्ष झालं होतं. त्याच्या मनाची नक्कल लिनक्सच्या या लॅपटॉपवर चालत होती, पण ती बोलायची फक्त अक्षरांत, आणि चिमुकल्या जुईला वाचता येत नव्हतं. ती बाबाला विसरत चालली होती. म्हणून त्याची बायको शाल्मली त्याच्याकडूनच प्रोग्रॅमिंग शिकून त्याला चेहऱ्याची, आवाजाची खिडकी करून देत होती.

"नक्कल थांबली की परत सुरू होत नाही," तिने टाइप केलं.

"माहितेय. इथे मिट्ट काळोख असतो शालू, आणि मला झोप नाही. पोरीला एकदा भेटतो, मग जाऊ दे मला. लिहिलीस ओळ?"

"लिहिली," शाल्मलीने टाइप केलं. ओळ तिने लिहिली नव्हती.

खिडकी उघडताच जुई ओरडली, "बाबा, तुला केवढी दाढी आली!"

"इथे न्हावी मिळत नाही गं!" हेरंब हसला. बऱ्याच गप्पा झाल्यावर तो हळूच म्हणाला, "आता टाटा कर पिल्लू, आणि ती फुली दाब."

जुईने फुली दाबली. खिडकी मिटली, आणि ती उड्या मारत खेळायला पळाली.

काळ्या पडद्यावर अक्षरं उमटली. "शालू? मी अजून आहे."

"विसरले रे," तिने टाइप केलं.

मग हेरंबने लिहिलं, "रोजच विसरणार आहेस ना?"