सातवी लाइन

"बोला तुळशीराम, आता शेवटची, सातवी लाइन," कॉम्प्युटरवर बसलेला विलास म्हणाला.

तुळशीरामने चपला दाराबाहेर काढल्या होत्या. एसीच्या गारठ्यात तो अंग चोरून बसला होता. तळोज्याच्या या कारखान्याचं गोदाम बारा वर्षं त्याच्या डोक्यात होतं, कागदावर एक ओळ नव्हती. तीन महिने तो एकेका लाइनीतला, म्हणजे रांगेतला, माल आणि त्याचं काम सांगत होता आणि विलास ते कॉम्प्युटरमध्ये घालत होता.

"पावडरचे ड्रम. दर सोमवारी अकराला पान्याचा पाइप मारून धुवायचे," तुळशीराम म्हणाला. "मी सांगन तसाच बोलल ना यो मशीन?"

"अक्षर न् अक्षर."

"परत कोनी इचारनार नाय?"

"कुणाला विचारणार? मशीन चुकत नाही."

तुळशीरामने समाधानाने मान हलवली. संध्याकाळी मॅनेजरने पूर्ण यादीवर न वाचताच सही ठोकली.

कॉम्प्युटर आला की दहा माणसं घरी, असं पेपरात रोज यायचं, युनियनवाले गावोगाव सांगायचे. विलास त्यांना हसायचा. 'तुमच्या नोकरीला धक्का लागणार नाही' हे तुळशीरामला त्यानेच सांगितलं होतं. आणि घरी बसवण्याचं पत्र त्याच्याच प्रिंटरवर छापायचं होतं.

शुक्रवारी पत्र तुळशीरामच्या हातात पडलं. कारखान्यात गावाची जमीन गेली तेव्हा कंपनीने घरटी एक नोकरी दिली होती. आता तीही गेली. जाताना त्याने मशीनला हात जोडले. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

विलास तडक मॅनेजरकडे गेला. हातापाया पडून त्याने तुळशीरामच्या थोरल्या मुलाला, गंगारामला, गोदामात चिकटवलं. गंगाराम दोन पोरांचा बाप, चार वर्षं घरी बसलेला. त्याला रडूच फुटलं.

"पन आप्पाला सांगू नका," तो म्हणाला. "कंपनीचा नाव काढला का अंगावर येतो."

"मीच पेढे घेऊन जातो आणि सांगतो," विलास म्हणाला.

सोमवारी सकाळी मशीनने कामाची पहिली चिठ्ठी छापली, सातव्या लाइनची. विलासने ती स्वतःच्या हाताने गंगारामला दिली. मग स्कूटरला किक मारून तो तुळशीरामच्या गावी, नावड्याला निघाला. कित्येक दिवसांनी त्याला हलकं वाटत होतं.

तुळशीराम अंगणात जाळं विणत होता.

"या सायेब. सातव्या लाइनची चिठ्ठी निघाली?"

"निघाली की. तुम्ही सांगितलं तश्शी."

"कोन गेला धुवायला? जुना तर नाय जानार."

"नवा आहे एक. का हो?"

"नवाच पायजे." तुळशीरामने दाताने दोरा तोडला. "जुन्यांना म्हाईत हाय, ती पावडर पान्यानं पेटते. बारा वर्सांत मी त्या लाइनीत तांब्याभर पानी नेला नाय."

लांबून कंपनीचा भोंगा सुरू झाला. तो थांबेचना. विलास गर्रकन भोंग्याच्या दिशेने वळला.

"चुकला ना तुमचा मशीन?" तुळशीराम पहिल्यांदाच मोकळेपणाने हसला. मग त्याचं लक्ष विलासच्या हातातल्या पुड्याकडे गेलं.

"आनि पेढे कशाचे आनले, सायेब?"