कुंवर

प्रेमकुंवरचा पासपोर्टचा अर्ज परत आला. वर शेरा होता, "कुंवर म्हणजे पुरुष. पुरुषाचा फोटो जोडावा." तिचा नवरा कंपाल्याला एका जिनिंग फॅक्टरीत नोकरीला होता आणि तो अंथरुणाला खिळल्याची तार धुळ्याला येऊन पडली होती. पत्रापत्री करत बसायला वेळ नव्हता. जळगावहून तिचा भाऊ दलिचंद आला. त्याने बहिणीला आपला कोट घातला, फेटा बांधला आणि फोटो काढून पाठवून दिला. पासपोर्ट आला. त्यात लिंग होतं पुरुष.

१९६९च्या मार्चमध्ये त्याच वेषात ती मुंबईच्या विमानतळावर उभी राहिली.

"भाऊ, ओळखतील रे मला."

"बठ्ठं बराबर शे, कोणी ओळखणार नाही. फक्त घडीघडी डोक्यावरचा पदर सावरू नको. तिथे फेटा आहे."

काउंटरवरच्या अधिकाऱ्याने फोटो पाहिला, तिचा चेहरा पाहिला, पुन्हा फोटो पाहिला.

"नाव?"

"प्रेमकुंवर." तिने जमेल तेवढा घोगरा आवाज काढला.

"परत सांगा."

तिने परत सांगितलं. अधिकाऱ्याने हातातला शिक्का खाली ठेवला आणि पोलिसाला बोलावलं. मग अधिकारी तिच्याकडे वळला.



"मी जोधपूरचा आहे, भाईसाब. आमच्याकडे प्रेमकुंवर हे बाईचंच नाव असतं. खरं सांगा, कोणत्या बाईच्या पासपोर्टवर 'पुरुष' लिहून स्वतःचा फोटो चिकटवलात?"